कांद्याला पाणी कुणी दिलं? अंगणवाडीतलं 'प्रकल्प' शिक्षण म्हणजे नेमकं काय, अन् त्यातून पोरं काय शिकतात

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. उन्हाळ कांद्याची चाळ फोडली होती. बाया कांदा निवडत बसल्या होत्या, बाहेर ट्रॅक्टर उभा होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास वस्तीवरच्या अंगणवाडीची ताई आणि मदतनीस मावशी १७ पोरं घेऊन बांधावरून रांगेत चाळीकडे आल्या. माझी धाकटीही त्यात होती. ताईंनी आदल्या दिवशी विचारलं होतं आणि मी 'या की' म्हणालो होतो. पण मनात म्हटलं, या पोरांना कांद्याच्या चाळीत काय दाखवायचं? यांचा जन्मच कांद्यात झालाय.

पोरं इकडेतिकडे हात लावत होती. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या पाच वर्षांच्या पोरीनं कोंब फुटलेला एक कांदा उचलला आणि विचारलं, "याला पाणी कुणी दिलं?"

बाया हसल्या. मीही हसलो. पण खरं सांगतो, उत्तर मला देता येईना. एप्रिलमध्ये कांदा चाळीत भरला, तेव्हापासून त्याला पाण्याचा थेंब दिलेला नाही. तरी त्याला हिरवा कोंब येतो. वीस वर्षं बघतोय. का येतो, हे कधी विचारलंच नव्हतं. ताईंनीही लगेच उत्तर दिलं नाही. "चांगलं विचारलंस. आपण शोधू या," एवढंच म्हणाल्या आणि तो कांदा पिशवीत टाकला. पुढचे तीन आठवडे अंगणवाडीत त्या एका प्रश्नावर काम चाललं.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. वस्त्या-वस्त्यांवर पिवळ्या व्हॅन फिरायला लागल्यात. नर्सरी, ज्युनिअर, सिनिअरचे बोर्ड तालुक्याच्या प्रत्येक चौकात आहेत. चहाच्या टपरीवर चर्चा एकच, "अंगणवाडीत काय शिकवतात हो? पोरं जातात, खिचडी खातात अन् येतात." मीही चार वर्षांपूर्वी हेच म्हणत होतो. म्हणून त्या तीन आठवड्यांत जे बघितलं आणि त्यानंतर जे वाचलं-विचारलं, ते वाचकांपुढे ठेवतो.

थर्माकोलचा बंगला म्हणजे प्रकल्प नव्हे

प्रकल्प म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं? शाळेतून चिठ्ठी येते, 'उद्या प्रोजेक्ट आणावे'. रात्री दहा वाजता बाप स्टेशनरीच्या दुकानाचं शटर वाजवतो, आई थर्माकोल कापते, पोरगं झोपलेलं असतं. सकाळी बंगला तयार. बाईंचा शेरा 'व्हेरी गुड'. यात पोरगं काय शिकलं? काहीच नाही. शिकली असेल तर आई.

लहान मुलांच्या शिक्षणात प्रकल्प म्हणतात ते वेगळं आहे. एखादी खरी गोष्ट घ्यायची, जी मुलाच्या रोजच्या नजरेसमोर आहे. तिच्याबद्दल मुलांना पडलेला एखादा प्रश्न पकडायचा. मग काही दिवस, काही आठवडे त्याच्या मागे लागायचं. बघायचं, हाताळायचं, मोजायचं, माणसांना विचारायचं, चित्र काढायचं, त्याचा खेळ करायचा. आणि शेवटी जे कळलं ते दुसऱ्याला सांगायचं.

लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड या दोन अभ्यासक बायांनी १९८९ मध्ये लहान मुलांच्या प्रकल्पांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी तीन टप्पे सांगितलेत. पहिल्या टप्प्यात मुलांना आधीच काय माहीत आहे ते काढून घ्यायचं आणि प्रश्न ठरवायचे. दुसऱ्यात प्रत्यक्ष शोध. तिसऱ्यात समारोप, म्हणजे मुलांनी जे केलं ते मांडायचं. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना हे झेपतं का, अशी शंका मलाही होती. म्हणून कांद्याचं काय झालं ते सविस्तर सांगतो.

तीन आठवडे, तीन कांदे

पहिल्या दिवशी ताईंनी पोरांना गोल बसवलं आणि विचारलं, "कांद्याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?" पोरांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून भिंतीला लावलं. 'कांदा डोळ्यातून पाणी काढतो.' 'कांदा ट्रॅक्टरमध्ये बसतो.' 'आमच्या कांद्याला भाव नाही.' हे शेवटचं वाक्य चार वर्षांच्या पोराचं. ताईंनी तेही लिहिलं.

मग कोंब आलेले तीन कांदे घेतले. एक पाण्याच्या ग्लासवर बसवला, बूड पाण्याला टेकेल असा. एक मातीच्या कुंडीत लावला. तिसरा नुसत्या कोरड्या ताटलीत ठेवला. ताई म्हणाल्या, "ताटलीतला जगेल की मरेल?" प्रत्येकानं एक खडा उचलायचा आणि दोन वाट्यांपैकी एकीत टाकायचा. १२ खडे 'मरेल'च्या वाटीत पडले, ५ 'जगेल'च्या वाटीत. पोरांनी ते स्वतः मोजले. कुठे जास्त, कुठे कमी, कितीनं जास्त, हे सगळं तिथेच निघालं. कुणी 'गणिताचा तास' म्हटलं नाही.

रोज सकाळी आल्या आल्या तिन्ही कांदे बघायचे. कोंबाजवळ सुतळी धरायची, कोंब जेवढा तेवढी कापायची आणि कागदावर चिकटवायची. आठवडाभरानं कागदावर सुतळ्यांची शिडी दिसायला लागली. पाण्यातल्या कांद्याला पांढरी मुळं फुटली तेव्हा घरी येऊन धाकटीनं एवढा गोंधळ घातला की आजीला चपला घालून अंगणवाडीत बघायला जावं लागलं.

मधल्या दिवसांत निवडायचं काम. माझ्याकडून अर्धं क्रेट कांदा नेला होता. मोठा, मध्यम, गोल्टी आणि खराब झालेला, असे चार ढीग. बाया चाळीत करतात तेच काम, पण इथे भांडणं झाली. "हा मोठा नाही, हा मध्यम." मग ठरवायचं कसं? एका पोरानं बांगडी आणली. बांगडीतून निघाला तर गोल्टी, अडकला तर मध्यम. ही युक्ती त्यानं कुठे बघितली माहीत नाही, पण मोठाले व्यापारीसुद्धा माल मापानंच वेगळा करतात.

ताईंनी हँगरला दोन करवंट्या बांधून ताजवा केला. एका मोठ्या कांद्याला किती गोल्टी लागतात? कधी चार, कधी पाच. एकदा मात्र गंमत झाली. एकाच आकाराचे दोन कांदे ठेवले, एक कोंब आलेला आणि एक टणक. टणकाकडची करवंटी खाली गेली. पोरं गप्प. आकार तर सारखा, मग हा हलका का?

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी ताटलीतला कांदा सगळ्यांसमोर कापला. तो मेला नव्हता. कोंब थोडा वाढला होता, पण कांदा सुरकुतला होता, बोटानं दाबला तर मऊ लागत होता. आतले पापुद्रे पातळ, पिचपिचीत झालेले, मधोमध हिरवा कोंब. शेजारी टणक कांदा कापून ठेवला, त्याचे पापुद्रे जाड, रसरशीत. पोरं आळीपाळीनं बघत होती आणि एकीनं सांगून टाकलं, "तो आपलंच खातो."

हेच उत्तर आहे. कांद्याचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. त्यात झाडानं अन्न आणि पाणी साठवलेलं असतं. काढणीनंतर कांदा काही महिने विश्रांती घेतो. ती संपली आणि हवेत ओल-गारवा आला की तो त्या साठ्यावर कोंब फेकतो. ताईंनी पोरांना सांगितलं, "कांद्यानं आपली शिदोरी पोटातच बांधून आणलेली असते." कोंब आलेला कांदा वजनाला का घटतो हे मला मार्केटच्या काट्यावर कळत होतं. त्याचं कारण मला अंगणवाडीतून कळलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

शेवटच्या शनिवारी पालकांना बोलावलं. पोरांनी कांद्याचं मार्केट भरवलं. कागदाच्या नोटा, करवंटीचा काटा, लिलावाला उभे राहिलेले दोन 'व्यापारी'. बोली लागली. एक पोरगं मात्र डोक्याला हात लावून बाजूला बसलं. ताईंनी विचारलं, "तू का बसलास रे?" म्हणालं, "भाव पडला." आम्ही बाप लोक हसलो खरं, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

यातून पोरं शिकली काय?

आता हिशेब मांडू. आपण शेतकरी, उत्पन्न किती ते बघितल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही.

पहिलं, भाषा. मूळ, कोंब, बूड, पापुद्रा, जड, हलका, टणक, मऊ, आधी, नंतर, कारण. हे शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घेतले नव्हते. हातात वस्तू होती आणि सांगायची घाई होती, म्हणून शब्द आले. पुढे वाचता यायला याचाच आधार लागतो. ज्या पोराकडे शब्द आहेत त्याला वाचलेलं कळतं. नाहीतर नुसती अक्षरं जुळवली जातात.

दुसरं, गणित. एक ते शंभर म्हणणं आणि मोजणं यात फरक आहे. वस्तूला वस्तू लावून मोजणं, लहान-मोठं लावणं, गट करणं, वजन आणि लांबी ताडणं ही गणिताची मुळं आहेत. बेरीज-वजाबाकी हा वरचा कोंब.

तिसरं, बोटं. सुतळी धरणं, कातरी चालवणं, साल सोलणं, चिकटवणं यानं बोटात ताकद येते. तीन-चार वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरून ओळीत लिहायला तयार नसतात. ती अशा कामांनी तयार होतात.

चौथं, धीर. मुळं फुटायला चार दिवस लागतात. घाई करून उपयोग नाही. आपला अंदाज चुकला तरी रडायचं नसतं. १२ जणांचा अंदाज चुकला होता आणि कुणाला लाल शेरा मिळाला नाही.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. त्या १७ पोरांत सुरगाण्याकडून आलेल्या मजूर कुटुंबाचा चार वर्षांचा मुलगा होता. आईबाप वर्षभर इथेच मळ्यावर राहतात. घरात त्यांची बोली वेगळी, त्यामुळे पोरगं अंगणवाडीत दोन महिने तोंड उघडत नव्हतं. 'त्याला येत नाही' असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. कांदा निवडायला बसल्यावर मात्र त्याचे हात सगळ्यांत भरभर चालले, कारण आईच्या शेजारी बसून त्यानं तेच बघितलेलं. बाकीची पोरं त्याला विचारायला लागली, "हा कोणत्या ढिगात?" त्यानं आधी बोटानं दाखवलं, मग बोलला. प्रकल्पात प्रत्येकाला कुठेतरी जागा मिळते. नुसत्या पाठांतरात ज्याची घरची भाषा शाळेपेक्षा वेगळी आहे, ते पोरगं पहिल्या दिवशीच मागं पडतं.

माझ्या थोरल्याची गोष्ट

थोरल्याला मी साडेतीन वर्षांचा असताना तालुक्याच्या एका नर्सरीत घातला होता. नाव लिहीत नाही, कारण अशा खूप आहेत आणि चूक माझीही होती. वर्षाची फी २२ हजार, व्हॅनचे वेगळे. सहा महिन्यांत पोरगं एबीसीडी आणि वन-टू-हंड्रेड धडाधड म्हणायला लागलं. पाहुणे आले की त्याला उभं करायचं आणि म्हणायला लावायचं. मला वाटायचं, पैसे वसूल.

एकदा बायकोनं त्याला सांगितलं, "सात कांदे आण रे." त्यानं घमेल्यातून ओंजळभर आणले. पाच होते. "मोज बरं." तो म्हणायला लागला वन, टू, थ्री... बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे, पाच कांद्यांवर नऊपर्यंत पोचला. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या पोराला सात म्हणजे किती हे माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी दोन पानं लिहायचा गृहपाठ, पोरगं रडतंय, आई धपाटा घालतेय. दुसऱ्या वर्षी व्हॅन आली की ते गोठ्यात लपायचं.

पोरगं हुशार आहे, पुढे सावरलं. पण शाळेची भीती बसली ती जायला तिसरी उजाडली. धाकटीला अंगणवाडीत ठेवलं ते काही मोठं ज्ञान झालं म्हणून नव्हे. त्या वर्षी कांद्यानं मार दिला होता, फी भरायला पैसे नव्हते. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

ही पद्धत आपल्याच मातीतली

काहींना वाटेल, हे बाहेरून आलेलं फॅड आहे. 'प्रकल्प पद्धत' हा शब्द अमेरिकेच्या विल्यम किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या लेखातून गाजला, हे खरं. पण परिसरातल्या वस्तूंतून लहान मुलांना शिकवायचं काम महाराष्ट्रात फार आधीपासून झालेलं आहे, तेही आपल्या शेजारच्या पालघर पट्ट्यात.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी इथं खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. परदेशी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती, खडे हेच साधन केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, यातून 'अंगणवाडी' आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती 'कुरणशाळा'. आज देशभर जो शब्द वापरतात तो असा आदिवासी पाड्याच्या अंगणातून आलाय. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पहिला टप्पा धरलाय. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं त्या धोरणात म्हटलंय. या वयात खेळातून, कृतीतून, शोध घेत शिकवावं, असंही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ताई जे करत होत्या ते सरकारी कागदाच्या बाहेरचं काही नव्हतं.

'पण एबीसीडी कधी शिकणार?'

हा प्रश्न पालक मेळाव्यात एका आजोबांनी विचारलाच. ताईंचं उत्तर मला पटलं. त्या म्हणाल्या, "बाबा, अक्षर शिकवायचंच आहे. पण आधी गरज तर पडू द्या."

तीन कांद्यांपैकी कोणता कुठला हे ओळखायचं होतं, म्हणून पोरांनी चिठ्ठ्या मागितल्या. 'पाणी', 'माती', 'ताट' असे शब्द ताईंनी लिहून दिले. रोज बघून मोठ्या मुलांना ते ओळखता यायला लागले. 'पाणी'तला प आणि 'पापुद्रा'तला प सारखा आहे, हे दोघा-तिघांनी स्वतः शोधलं. मार्केटच्या खेळात आकडे लिहायची गरज पडली. गाणी, गोष्टी, अक्षरांचे खेळ प्रकल्पाच्या बाजूला चालूच असतात. एकट्या प्रकल्पावर सगळं होतं, असं कुणी म्हणू नये.

लांब पल्ल्याचा फायदा काय, याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. मिशिगन राज्यातल्या यप्सिलँटी गावात १९६२ पासून गरीब घरच्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, ६५ जणांना नाही. त्या बालशाळेत मुलांनी आज काय करायचं ते स्वतः ठरवायचं, करायचं आणि नंतर काय केलं ते सांगायचं, अशी रीत होती. ही सगळी मंडळी चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची विचारपूस केली गेली. बालशाळेत गेलेल्यांत शाळा पूर्ण करणारे आणि कामधंद्याला लागलेले जास्त निघाले, अटक झालेले कमी निघाले. ही पद्धत तंतोतंत प्रकल्पाची नव्हती. शिवाय तिथल्या शिक्षिका चांगल्या प्रशिक्षित होत्या आणि दर आठवड्याला मुलांच्या घरी जात होत्या. म्हणजे नुसती पद्धत बदलून भागत नाही, शिकवणारीला वेळ आणि साथ लागते.

अडचणी खऱ्या आहेत

आता दुसरी बाजू. आमच्या ताईंचाच पहिला प्रकल्प फसला होता. जूनमध्ये त्यांनी 'पाऊस' घेतला. डबे मांडले, पाणी मोजायचं ठरवलं अन् पाऊसच तीन आठवडे गायब. पोरांचा उत्साह गेला, विषय सोडून द्यावा लागला. त्यावरून त्या शिकल्या की रोज हाताशी असेल अशी वस्तू घ्यायची.

मोठी अडचण वेळेची. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांच्या भेटी, मोबाईलवरच्या नोंदी, वरून येणारे सर्वे. एवढं करून पोरांपुढे बसायला दोन तास सलग मिळाले तर नशीब. तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं पोरगं एकाच खोलीत, दोघांची झेप वेगळी. मदतनीस मावशी एका हातानं खिचडी ढवळत दुसऱ्या हातानं पोरं सांभाळतात. अशा ठिकाणी 'आता प्रकल्प करा' असं नुसतं फर्मान निघालं तर कागदावर प्रकल्प होतील आणि फोटो अपलोड होतील. पोरांच्या हाती काही लागणार नाही.

सुरक्षिततेचीही बाब आहे, ती शेतकरी म्हणून सांगतो. पोरांना शेतात नेताना मोठी माणसं सोबत हवीत. फवारणी झालेल्या रानात नेऊ नका. चाळीत गंधकाची पावडर टाकली असेल तर तिथे नको. बियाणं हाताळायला द्यायचं तर घरचं, औषध न लावलेलं द्या. दुकानातल्या रंगीत बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. चाळीखाली साप-विंचू असू शकतात, आधी आपण बघायचं. कापायचं काम मोठ्यांनीच करायचं. हात साबणानं धुऊनच खाऊ.

आपापल्या तालुक्यात काय करता येईल?

कांदाच पाहिजे असं नाही. इगतपुरी, पेठकडे भात-नागली आहे. दाणा ते भाकर हा महिनाभराचा प्रकल्प होतो. दिंडोरी-निफाडला द्राक्षं, द्राक्षाचा मनुका कसा होतो ते उन्हात ठेवून बघता येतं. सटाण्याकडे डाळिंब, एकात किती दाणे यावर पोरं आठवडाभर रमतील. मालेगावात यंत्रमाग घराघरात, धागा आडवा-उभा कसा जातो ते सुतळीनं विणून कळतं. जिथे काहीच नाही तिथे मुंग्या आहेत. कुंभार, लोहार, शिवणकाम करणारी ताई, दूध संकलन केंद्रावरचा काटा, सगळी शाळाच आहे.

आपण पालकांनी काय करायचं? अंगणवाडीत माल द्या. अर्धं क्रेट कांदा, चार जुनी कॅलेंडरं, करवंट्या, सुतळीचा गुंडा. माझा सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत होता. आठवड्यातून एक तास एखाद्या आजीनं-आजोबांनी तिथे बसावं, ताईंना मोठा हातभार लागतो. ग्रामपंचायतीनं खोलीची गळती, पाणी आणि संडास एवढं बघावं. घरी पोरगं प्रश्न विचारतं तेव्हा 'गप बस' म्हणायच्या आधी 'तुला काय वाटतं?' एवढं विचारावं. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं आणि दोघांनी शोधावं.

प्रवेश घेण्याआधी विचारा

मी कुणाला नर्सरीत घालू नका असं म्हणत नाही. चांगल्या खासगी बालवाड्या आहेत आणि नुसतं नावापुरत्या चालणाऱ्या अंगणवाड्याही आहेत. पण फी भरण्याआधी एक दिवस जाऊन अर्धा तास बसा आणि बघा. पोरं जास्त बोलतात की बाई? पोरांच्या हातात काय आहे, नुसती पेन्सिल की आणखी काही? भिंतीवरची चित्रं पोरांनी काढलेली आहेत की छापील? चार वर्षांच्या पोराला गृहपाठ किती? आणि पोरानं वेडावाकडा प्रश्न विचारला तर बाई काय करतात? एवढ्यावरून बोर्डवर काय लिहिलंय याची गरज राहत नाही.

या वर्षीची चाळ भरून झालीय. परवा धाकटी चाळीपाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, आत्ता यांची शिदोरी भरलेली आहे ना?" म्हटलं, हो. "मग पावसाच्या आधी विका." तिला भावाचं गणित अजून कळत नाही. ते मलाही कळत नाही. पण घट का येते हे तिला पाचव्या वर्षी कळलंय, आणि थोरला आता तिच्याकडून ऐकून वहीत कांद्याच्या कोंबाचं चित्र काढतोय.